‘जतन करा’ दाबल्यानंतर

बँक, महाविद्यालय, महानगरपालिका, वीज कंपनी, कोणाचेही संकेतस्थळ उघडा. ‘माहिती अद्ययावत करा’ असे एक पान तिथे सापडतेच. ते उघडले की आपलीच जुनी माहिती चौकटीचौकटींत भरून आलेली दिसते. जुना मोबाइल नंबर खोडायचा, नवा टाकायचा, खालचे ‘जतन करा’ हे बटण दाबायचे. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ‘माहिती यशस्वीरीत्या जतन झाली’ अशी हिरवी पट्टी झळकते आणि आपण पान बंद करतो. बटण दाबणे आणि पट्टी झळकणे या दोहोंच्या मध्ये काय घडते, आणि जे घडायला हवे ते घडले नाही तर काय होते, हे या प्रकरणात पाहू.

डेटाबेसमधल्या नोंदींशी आपण चारच गोष्टी करू शकतो: नवी नोंद घालणे, असलेली वाचणे, ती बदलणे आणि काढून टाकणे. यांतले बदलणे सर्वांत नाजूक आहे, असे माझे ठाम मत आहे. चुकून जादा नोंद पडली तर ती दुबार म्हणून कधी ना कधी नजरेला येते. नोंद उडाली तर तिची उणीव भासते, माणूस चौकशीला येतो. चुकीची बदललेली नोंद मात्र दिसायला अगदी धडधाकट असते. सगळे रकाने भरलेले, आकडे जागच्या जागी, तारीख ताजी. तिथे आधी काय होते याचा मागमूस नसतो. ज्याचे नुकसान झाले त्याला ते कळते तेव्हा पेन्शन भलत्याच खात्यात गेलेली असते, ओटीपी भलत्याच फोनवर जात असतो.

म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच धरून चालू. आपण भरलेला फॉर्म हा अर्ज असतो. अर्ज टेबलावर आला म्हणजे काम झाले, असे कुठल्याही कचेरीत होत नाही. अर्जदार कोण, त्याला हा बदल मागण्याचा हक्क आहे का, मागितलेला बदल नियमात बसतो का, दरम्यान दुसऱ्या कोणी याच नोंदीला हात लावला आहे का, हे पाहून मगच नोंदीत बदल व्हायला हवा. चांगला प्रोग्राम हे सगळे सेकंदाच्या अंशात उरकतो. वाईट प्रोग्राम अर्जालाच नोंद समजतो. या क्षेत्रातले बरेच मोठे अपघात या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

आज वापरात असलेल्या बहुतेक डेटाबेसची मांडणी एडगर कॉड यांच्या १९७० सालच्या निबंधावर उभी आहे. कॉड जन्माने इंग्रज, शिक्षणाने गणिती आणि नोकरीला आयबीएम कंपनीच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत. माहिती तक्त्यांत ठेवावी, तक्त्यातली प्रत्येक ओळ एका किल्लीने म्हणजे दुसऱ्या कुठल्याही ओळीला नसलेल्या मूल्याने ओळखता यावी, आणि ती माहिती डिस्कवर नेमकी कुठे आहे याची काळजी वापरणाऱ्याला करावी लागू नये, ही त्यांची मांडणी. पुढच्या एक-दोन वर्षांत त्यांनी बदलाबद्दलही एक मोलाची गोष्ट दाखवून दिली. एकच वस्तुस्थिती दोन-तीन ठिकाणी लिहून ठेवली की बदलाच्या वेळी एखादी जागा हमखास राहून जाते. विद्यार्थ्याचा पत्ता प्रवेशाच्या तक्त्यात, परीक्षेच्या तक्त्यात आणि वसतिगृहाच्या तक्त्यात वेगवेगळा लिहिला, तर पत्ता बदलल्यावर तीन तक्ते तीन गोष्टी सांगू लागतात आणि खरे कोणाचे हे ठरवायला डेटाबेसकडे काहीच साधन उरत नाही. पत्ता एकदाच, एकाच जागी लिहावा आणि बाकीच्यांनी तिथे बोट दाखवावे. ऐकायला सोपे, पाळायला फार अवघड. आपले नाव शिधापत्रिकेवर एक, वीजबिलावर दुसरे आणि मालमत्ता कराच्या पावतीवर तिसरे असते, ते याच कारणाने.

आयबीएममधल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या तक्त्यांशी बोलण्याची भाषा मांडली. तिचे नाव पुढे एसक्यूएल झाले. तिच्यात बदलाचे वाक्य अगदी छोटे असते: अपडेट विद्यार्थी, सेट मोबाइल बरोबर अमुक, व्हेअर क्रमांक बरोबर ४१७. विद्यार्थी नावाच्या तक्त्यात, क्रमांक ४१७ असलेल्या ओळीत, मोबाइलच्या रकान्यात अमुक आकडा लिही. या वाक्याचा सगळा जीव शेवटच्या ‘व्हेअर’मध्ये आहे. तो भाग लिहायचा राहिला, तर डेटाबेस कुरकुर करत नाही. त्याच्या लेखी ती एक पूर्ण आज्ञा असते. तो तक्त्यातल्या एकूण एक विद्यार्थ्याला तोच मोबाइल नंबर लावून मोकळा होतो. काम झाल्यावर किती ओळी बदलल्या तो आकडाही तो परत देतो. एका माणसाच्या फॉर्मने एकच ओळ बदलायला हवी. शून्य आले तर काहीतरी चुकले, पाच हजार आले तर फारच चुकले. हा आकडा न पाहताच ‘यशस्वीरीत्या जतन झाली’ म्हणणारा प्रोग्राम मी पुरा झालेला मानत नाही.

आता फॉर्मकडे वळू. वेबच्या पानावर चौकटी भरून पाठवण्याची सोय नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएलच्या २.० या आवृत्तीत प्रमाण म्हणून नोंदली गेली, पण ती वापरात त्याआधीच आली होती. त्याच वर्षी २५ मार्चला वॉर्ड कनिंगहॅम यांनी जगातली पहिली विकी सुरू केली. कोणीही यावे, पानाखालचा दुवा दाबावा, फॉर्ममध्ये मजकूर बदलावा आणि जतन करावा. विकिपीडियाचा जन्म या कल्पनेतूनच झाला.

वेबची एक जन्मजात खोड इथे समजून घ्यायला हवी. सर्व्हरला काही आठवत नाही. आपण पान मागतो, तो देतो आणि आपल्याला विसरतो. दहा मिनिटांनी आपला भरलेला फॉर्म येतो तेव्हा तो कोणत्या ओळीबद्दल आहे हे फॉर्मलाच सांगावे लागते. त्यासाठी ओळीचा क्रमांक फॉर्ममध्ये एका न दिसणाऱ्या रकान्यात ठेवलेला असतो. न दिसणारा म्हणजे सुरक्षित, असा समज पुष्कळ नवशिक्या प्रोग्रामरांचा असतो आणि तो धोक्याचा आहे. ब्राउझरमध्ये आलेले पान वापरणाऱ्याच्या ताब्यात असते. ते उकलून ४१७ च्या जागी ४१८ लिहायला कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही पाच मिनिटे लागत नाहीत. मोबाइल नंबर दहा आकडीच हवा, वय ऋण नको, अशा ज्या तपासण्या ब्राउझर करतो त्या फक्त वापरणाऱ्याच्या सोयीच्या आहेत. तीच तपासणी सर्व्हरने पुन्हा, पहिल्यापासून करायची असते. शिवाय एक तपासणी अशी आहे की जी ब्राउझर करूच शकत नाही: या माणसाला या ओळीला हात लावण्याचा अधिकार आहे का?

ती राहिली तर काय होते हे ४ मार्च २०१२ रोजी जगाने पाहिले. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटहबवर, आपल्या ओळखीची डिजिटल किल्ली बदलण्याचा एक साधा फॉर्म होता. इगोर होमाकोव्ह या रशियन तरुणाने त्या फॉर्मबरोबर एक जादा रकाना पाठवला. मूळ फॉर्ममध्ये तो नव्हताच. किल्ली कोणत्या वापरकर्त्याची आहे हे सांगणारा तो रकाना होता आणि त्यात त्याने दुसऱ्याचा क्रमांक लिहिला. सर्व्हरने जे आले ते सगळे निमूटपणे ओळीत लिहून टाकले. रुबी ऑन रेल्स या प्रसिद्ध प्रकल्पाच्या मूळ कोडमध्ये बदल करण्याचा अधिकार होमाकोव्हला अशा रीतीने मिळाला, आणि आपले म्हणणे खरे आहे हे दाखवण्यापुरता त्याने तो वापरला. गंमत अशी की गिटहब ज्या प्रणालीवर बांधले होते ती रेल्सच, आणि या दोषाबद्दल तो काही दिवस आधीपासून रेल्सच्या मंडळींना सांगत होता. या प्रकारानंतर रेल्सने आपली रीत बदलली. फॉर्ममधून कोणते रकाने स्वीकारायचे याची यादी प्रोग्रामरने आधी लिहायची आणि यादीबाहेरचे काहीही ओळीपर्यंत पोचू द्यायचे नाही.

फॉर्म सर्व्हरकडे दोन रीतींनी जाऊ शकतो, गेट आणि पोस्ट. गेट हे वाचण्यासाठी, पोस्ट हे बदलासाठी, असा संकेत आहे. हा संकेत म्हणजे पुस्तकी शिस्त, असे कित्येकांना वाटत असे. मे २००५ मध्ये गूगलने वेब ॲक्सिलरेटर नावाचे एक साधन आणले. पानावरचे दुवे ते आधीच उघडून ठेवत असे, म्हणजे वाचणाऱ्याला पुढचे पान झटकन मिळावे. ज्या संकेतस्थळांनी ‘काढून टाका’ ही आज्ञा साध्या दुव्यावर ठेवली होती, तिथे या साधनाने ते दुवेही प्रामाणिकपणे उघडले आणि लोकांच्या नोंदी पुसल्या गेल्या. साधनाची चूक नव्हती. वाचण्याच्या वाटेवर बदलाचे काम ठेवणाऱ्यांची होती.

आणखी एक जुने दुखणे आडनावांतून समजते. वसईचे किंवा गोव्याचे डिसोझा आपले आडनाव रोमन लिपीत लिहितात तेव्हा पहिल्या अक्षरानंतर एक एकेरी अवतरणचिन्ह येते. एसक्यूएलमध्ये मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे नेमक्या त्याच चिन्हाने दाखवतात. प्रोग्रामरने फॉर्ममधला मजकूर उचलून तसाच्या तसा वाक्यात जोडला असेल, तर डेटाबेसला वाटते आडनाव पहिल्या अक्षरातच संपले. पुढचे ‘सोझा’ त्याला आज्ञा वाटते, ती कळत नाही आणि तो चूक दाखवतो. ‘तुमचे आडनाव चालत नाही’ असे या लोकांना ऐकावे लागते. तेवढ्यावर भागले तर नशीब. कारण जे डिसोझांकडून नकळत होते ते दुसरा कोणी जाणूनबुजून करू शकतो. मोबाइलच्या चौकटीत आकड्यानंतर अवतरणचिन्ह टाकून मजकूर संपवायचा, पुढे आपल्याला हवा तो रकाना आणि हवे ते मूल्य लिहायचे, आणि शेवटी दोन आडव्या रेघा द्यायच्या. एसक्यूएलमध्ये दोन रेघांच्या पुढचे सगळे टीप समजून सोडून दिले जाते. म्हणजे ‘व्हेअर’ गळाला, आणि एका माणसाच्या फॉर्मने साऱ्या तक्त्यावर नांगर फिरवला.

या युक्तीची जाहीर चर्चा १९९८ पासून होत आली आहे. उपायही तितकाच जुना आहे: वाक्याचा सांगाडा आधी डेटाबेसकडे पाठवायचा, मूल्यांसाठी त्यात रिकाम्या जागा ठेवायच्या आणि मूल्ये मागाहून वेगळी द्यायची. मग त्यांत काहीही लिहिलेले असो, डेटाबेस त्याला आज्ञा मानत नाही. तरीही ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या जुन्या पानांतून नेमक्या याच वाटेने १,५६,९५९ ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्तांनी कंपनीला चार लाख पौंड दंड केला. उपाय ठाऊक असूनही सतरा वर्षांनी हे घडावे याला निष्काळजीपणाखेरीज दुसरे नाव नाही.

इथवर आपण लबाडीचा विचार केला. पण माझ्या मते सर्वांत जास्त नोंदी बिघडतात त्या सरळमार्गी माणसांच्या हातून, आणि त्याही कोणाची काही चूक नसताना. एका महाविद्यालयाच्या कचेरीत दोन खिडक्या आहेत अशी कल्पना करा. सकाळी अकराला पहिल्या खिडकीवरच्या बाईंनी एका विद्यार्थिनीची नोंद उघडली. तिचा पत्ता बदलायचा आहे. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीवरच्या गृहस्थांनी तीच नोंद उघडली. त्यांना तिच्या शिष्यवृत्तीचे बँक खाते बदलायचे आहे. दोघांच्या पडद्यावर जुना पत्ता आणि जुने खाते. बाईंनी पत्ता बदलून जतन केले. दोन मिनिटांनी गृहस्थांनी खाते बदलून जतन केले. त्यांच्या फॉर्ममध्ये पत्त्याची चौकट जुन्याच पत्त्याने भरलेली होती, आणि फॉर्म सगळ्या चौकटी एकदम पाठवतो. नवा पत्ता गेला, जुना परत आला. दोघांनाही हिरवी पट्टी दिसली. दोघांनीही आपले काम चोख केले. संगणकशास्त्रात याला हरवलेला बदल म्हणतात.

यावर पहिला उपाय सुचतो तो कुलपाचा. बाईंनी नोंद उघडली की ती इतरांना बंद. एका कचेरीत, एका मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडद्यांवर हे चालून जायचे. वेबवर चालत नाही, कारण सर्व्हरला बाई अजून पानावर आहेत की जेवायला उठून गेल्या आहेत हे कळायला मार्ग नाही. कुलूप तसेच राहते आणि खिडकीबाहेर रांग वाढते. एच. टी. कुंग आणि जॉन रॉबिन्सन यांनी १९८१ मध्ये दुसरी वाट मांडली. कुलूप कोणालाच लावू नये. बदल लिहिण्याच्या क्षणी तेवढे तपासावे की आपण वाचल्यापासून कोणी मध्ये लिहिले तर नाही ना. प्रत्यक्षात यासाठी तक्त्यात आवृत्तीचा एक रकाना वाढवतात. फॉर्म उघडताना ‘आवृत्ती ७’ असे सोबत जाते. बदलाच्या वाक्यात अट पडते: क्रमांक ४१७ आणि आवृत्ती ७ असेल तरच लिही, आणि आवृत्ती ८ कर. बाईंचा बदल झाला की ओळ आठव्या आवृत्तीची झाली. गृहस्थांचा फॉर्म सातवी घेऊन आला, अट जुळली नाही, बदललेल्या ओळी शून्य. त्या शून्यावरून प्रोग्रामने ओळखायचे आणि सांगायचे: तुम्ही उघडल्यानंतर ही नोंद बदलली आहे, ताजी नोंद पाहून पुन्हा दुरुस्ती करा.

विकिपीडियावर लिहिणाऱ्यांनी हे अनुभवले असेल. २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडियाही इतर विकिपीडियांच्याच मीडियाविकी प्रणालीवर चालतो. संपादनाच्या फॉर्ममध्ये, आपण पान उघडले तेव्हा त्याची शेवटची आवृत्ती कोणती होती हे लपलेल्या रकान्यात जाते. मध्येच दुसऱ्याने जतन केले असेल तर प्रणाली आधी दोन्ही बदल एकत्र बसतात का ते पाहते. बसत नसतील तर दोन्ही मजकूर समोर ठेवते आणि निवड माणसावर सोपवते. आपल्याकडच्या किती कचेऱ्यांच्या संकेतस्थळांवर ही काळजी घेतली आहे, हे दोन खिडक्यांत एकच नोंद उघडून कोणालाही तपासता येईल.

काही बदल एका ओळीत मावत नाहीत. एका गटात कोणाची २ हेक्टर ४० आर जमीन आहे आणि तिच्यातली ८० आर त्याने विकली. विकणाऱ्याच्या नावावर १ हेक्टर ६० आर उरली पाहिजे, घेणाऱ्याच्या नावे ८० आर चढली पाहिजे, आणि दोन्हींची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळली पाहिजे. पहिले झाल्यावर वीज गेली आणि दुसरे राहिले, तर ८० आर जमीन कागदावरून नाहीशी झाली. म्हणून डेटाबेसला सांगावे लागते की हे सारे मिळून एक व्यवहार आहे. होईल तर पूर्ण होईल, नाही तर मुळीच होणार नाही. व्यवहाराची ही कल्पना जिम ग्रे यांनी १९७० च्या दशकात आयबीएममध्ये घडवली. त्यासाठी त्यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. जानेवारी २००७ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच शिडाची होडी घेऊन गेले आणि परत आले नाहीत.

जमिनीचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. नोंद बदलण्याचे शास्त्र महाराष्ट्रात ज्यांनी सर्वांत बारकाईने बांधले ते महसूल खाते, असे मला वाटते, आणि ते त्यांनी संगणक येण्याच्या कितीतरी आधी बांधले. सातबाऱ्यावर कोणाचे नाव थेट चढत नाही. खरेदी असो, वारस असो, बोजा असो, आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरली जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे तलाठ्याने त्या नोंदीची प्रत चावडीत लावायची आणि जमिनीत ज्यांचा हितसंबंध दिसतो त्या सर्वांना लेखी कळवायचे. हरकतीसाठी पंधरा दिवस. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वेगळ्या नोंदवहीत जाते आणि तिचा निकाल लागतो. मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो, आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर पक्का अंमल होतो. तेव्हाही जुने नाव खोडत नाहीत. त्याला कंस करतात, आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहितात. शंभर वर्षांनीही कोणी त्या क्रमांकाचे बोट धरून नमुना ६ उघडावा आणि नाव का, कशाच्या आधारे आणि कोणाच्या सहीने बदलले ते वाचावे.

अर्ज वेगळा, मंजुरी वेगळी, जुने मूल्य शाबूत, बदलाचे कारण नोंदलेले, बदलणाऱ्याची सही. संगणकाच्या पुस्तकांत ज्याला बदलांचा मागोवा म्हणतात तो याहून वेगळा नाही. ही रीत राबवताना गावोगाव काय काय चालते हे वाचकांना ठाऊक आहे. अडवणूक होते, नोटिसा पोचत नाहीत. पण त्यामुळे मूळ रचनेचे शहाणपण कमी होत नाही. ई-फेरफार ही प्रणाली याच रचनेवर बांधली गेली. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची माहिती तिकडून ऑनलाइन येते आणि फेरफार धरला जातो. वारस नोंद किंवा बोजा कमी करण्यासाठी ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या अर्ज करता येतो. चालू फेरफार ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. हस्तलिखित सातबारे संगणकात उतरवताना ज्या असंख्य चुका झाल्या त्या शोधण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले. संगणकातला सातबारा लोकांसमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याची जमीन त्याने चूक सांगायची. माहितीची पडताळणी करण्याची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. पिकांची नोंदही आता शेतकरी स्वतः करतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत तो मोबाइलवरच्या ॲपमधून, शेतात उभा राहून, फोटोसह गाव नमुना १२ ची माहिती भरतो.

आधारमध्येही अर्ज आणि नोंद यांत असेच अंतर ठेवले आहे. पत्ता बदलण्याचा ऑनलाइन फॉर्म भरला की आधी हातात पडतो तो विनंती क्रमांक. कागदपत्रे तपासून झाल्यावर नोंद बदलते. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, जन्मतारीख आणि लिंग एकदाच. आपल्या आधारमध्ये केव्हा काय बदलले तो इतिहासही संकेतस्थळावर पाहता येतो.

जुने न पुसण्याचा विचार डेटाबेस बनवणाऱ्यांनाही सुचला होता. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८० च्या दशकात बर्कलेमध्ये पोस्टग्रेस घडवला तेव्हा त्यात कुठलीच ओळ पुसायची नाही असे ठरवले होते. मागच्या कुठल्याही तारखेला तक्ता कसा होता ते विचारता येत असे. जागा आणि वेळ परवडेना म्हणून पुढे ती सोय काढली, पण त्याचा वारसदार पोस्टग्रेसएसक्यूएल आजही बदलाच्या वेळी जुनी ओळ जागेवरच सोडून शेजारी नवी लिहितो आणि जुनी मागाहून झाडून टाकतो. झाडण्याआधी ती आपल्यासाठी राखून ठेवायची असेल तर ते काम फॉर्म बनवणाऱ्यालाच करावे लागते. त्याला अवघड काहीच नाही. इतिहासाचा एक वेगळा तक्ता ठेवायचा आणि प्रत्येक बदलाआधी जुनी ओळ, तारीख आणि बदलणाऱ्याचे नाव त्यात उतरवायचे, तेही त्याच व्यवहाराच्या आत.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. डेटाबेसचा रकाना किंवा मधली जोडणी युनिकोडची नसेल, तर फॉर्ममधून गेलेले नाव प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसते. इथेही घात बदलानेच होतो: नाव आधी नीट असते, कोणी फक्त मोबाइल नंबर बदलायला नोंद उघडतो, सगळा फॉर्म जतन होतो आणि नावाची जी प्रश्नचिन्हे होतात ती पुन्हा अक्षरे होत नाहीत. दुसरे उदाहरण कऱ्हाडचे. त्यातला अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो. काही कळफलक ‘ऱ’ हे वेगळे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात, काही साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. डेटाबेसला एक १८ बाइटांचा शब्द दिसतो आणि दुसरा २१ बाइटांचा. मग कऱ्हाडचे सगळे खातेदार शोधा म्हटले की निम्मेच सापडतात. फॉर्म स्वीकारतानाच असे दोन प्रकार एका रूपात आणणे हे काम सर्व्हरचे आहे, आणि ते मराठी जाणणाऱ्या प्रोग्रामरनेच करायला हवे. दुसऱ्या कोणाला ते सुचण्याची शक्यता फार थोडी.

जे वाचक असे फॉर्म स्वतः बनवतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की इतिहासाचा तक्ता पहिल्या दिवशीच घाला. तो नंतर घालता येतो, पण त्याआधी पुसले गेलेले परत मिळत नाही. आणि जे फक्त फॉर्म भरतात त्यांनी हिरव्या पट्टीवर थांबू नये. पान बंद करून पुन्हा उघडावे आणि नोंद खरोखर बदलली का, आणि फक्त तेवढीच बदलली का, ते वाचावे. जमिनीच्या बाबतीत तर हे टाळूच नये. फेरफार मंजूर झाल्याचे कळले की नवा सातबारा काढा आणि नाव, क्षेत्र व बोजा हे तीन रकाने जुन्या उताऱ्याशी ताडून पाहा. लेखनाची चूक आढळली तर संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो.